घरचं एशियन सॅलड ड्रेसिंग: या चुका टाळा, आणि बिघडलंच तर असं सावरा

हे ड्रेसिंग मी पहिल्यांदा केलं तेव्हा बारीक चिरलेला पांढराशुभ्र कोबी दहा मिनिटांत चहाच्या चोथ्यासारखा दिसायला लागला. चव खारट, आणि त्यामागे जळक्या साखरेसारखा काहीतरी जड गोडवा. प्रमाण चमच्याला चमचा पाळलं होतं. चुकली होती फक्त बाटली. कृतीत नुसतं ‘सोया सॉस’ लिहिलेलं, आणि माझ्या हाताशी होता डार्क सोया सॉस.

तेव्हापासून हे ड्रेसिंग मी असंख्य वेळा केलंय आणि बऱ्याचदा बिघडवलंयही. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. यातली प्रत्येक बाटली एकाच वेळी दोन कामं करते. सोया सॉस मीठही देतो आणि उमामीही, म्हणजे जिभेवर रेंगाळणारी भरीव चव. राइस व्हिनेगर आंबट तर असतंच, पण किंचित गोडही लागतं. भाजलेल्या तिळाचं तेल स्निग्धपणाबरोबर वासही घेऊन येतं, आणि मध गोडीबरोबर दाटपणा. त्यामुळे एक जिन्नस बदलला की दोन गोष्टी हलतात. आपण त्यातली एकच सावरतो आणि बाकीचं गणित का चुकलं म्हणून डोकं खाजवत बसतो.

आधी माझं नेहमीचं प्रमाण सांगते, म्हणजे पुढचं बोलणं सोपं होईल. ३ टेबलस्पून राइस व्हिनेगर, २ टेबलस्पून लाइट सोया सॉस, २ टेबलस्पून वास नसलेलं साधं तेल, २ टीस्पून भाजलेल्या तिळाचं तेल, २ टीस्पून मध किंवा साखर, १ टीस्पून किसलेलं आलं आणि लसणाची अर्धी पाकळी. टेबलस्पून म्हणजे १५ मिली आणि टीस्पून ५ मिली. घरातले चमचे या मापाचे असतीलच असं नाही, म्हणून एकदा मोजून घ्या.

चुकीचा सोया सॉस

‘लाइट’ या शब्दानं भलेभले फसतात. लाइट म्हणजे कमी मिठाचा नव्हे. चिनी पद्धतीत लाइट सोया सॉस पातळ, फिकट आणि चांगलाच खारट असतो. डार्क दाट, काळपट आणि जरा गोडसर असतो आणि मुख्यतः शिजवताना रंग यावा म्हणून वापरतात. जपानी उसुकुची सॉसची तर आणखी गंमत आहे. रंगानं तो फिकट, पण नेहमीच्या कोइकुचीपेक्षा जास्त खारट. मीठ खरोखर कमी हवं असेल तर लेबलवर तसं स्पष्ट लिहिलेली ‘लो सोडियम’ किंवा ‘रिड्यूस्ड सोडियम’ बाटली घ्या.

आणि वरून मीठ घालू नका. साध्या सोया सॉसच्या एका टेबलस्पूनमध्ये साधारण ९०० मिलिग्रॅम सोडियम असतं. जागतिक आरोग्य संघटनेनं मोठ्या माणसासाठी दिवसाची मर्यादा २००० मिलिग्रॅमच्या आत सांगितली आहे. वरच्या प्रमाणात सोया सॉस दोन टेबलस्पून आहे. चार जणांत वाटल्यावर ठीक आहे, पण हात सैल सोडायला फारशी जागा उरत नाही.

तिळाचं तेल: नाकापेक्षा मोती जड

इथे दोन उलट चुका होतात. कच्च्या तिळाचं फिकट तेल घातलं तर ड्रेसिंगला तो ओळखीचा खमंग वासच येत नाही, आणि मग ‘काहीतरी कमी आहे’ म्हणून लोक सोया सॉस वाढवत बसतात. इथे हवं असतं भाजलेल्या तिळाचं, तपकिरी रंगाचं तेल. ते मिळालं की दुसरी चूक होते: सगळं तेल तेच. मग बाकी कशाचीच चव लागत नाही. हे तेल अत्तरासारखं वापरायचं. स्निग्धपणाचं काम साध्या तेलाला करू द्या.

भाजलेलं तेल नसेल तर तीळ मंद आचेवर बदामी होईपर्यंत भाजा, गरम असतानाच भरडसर कुटा आणि साध्या तेलात मिसळा. वास तेवढा खोल येत नाही, पण काम भागतं. तीळ तडतडायला लागले की कढईजवळून हलू नका. बदामी आणि करपलेले यांच्यात अर्ध्या मिनिटाचंही अंतर नसतं, आणि करपलेल्या तिळाचा कडवटपणा कशानंच झाकत नाही.

व्हिनेगरची अदलाबदल

राइस व्हिनेगर सौम्य असतं. त्याच्या जागी पांढरं व्हिनेगर तेवढंच ओतलं तर सॅलड आंबटढाण होतं. मी तीन टेबलस्पूनऐवजी दोन टेबलस्पून पांढरं व्हिनेगर, एक टेबलस्पून पाणी आणि अर्धा टीस्पून साखर घेते. लिंबाचा रसही चालतो, तोही दोन टेबलस्पूनपासून सुरू करा, पण लिंबाचा ताजेपणा बरणीत टिकत नाही. तो वाढायच्या वेळीच पिळा. ‘सीझन्ड’ लिहिलेल्या राइस व्हिनेगरमध्ये साखर आणि मीठ आधीच असतं. ते वापरत असाल तर मध पूर्ण वगळा, सोया सॉस थोडा कमी करा आणि मग चव बघा.

व्हिनेगरला तीन पट तेल हे फ्रेंच व्हिनेग्रेटचं जुनं सूत्र डोक्यात बसलेलं असतं. ते इथे आणू नका. या ड्रेसिंगमध्ये तेल कमीच असतं, आणि तेल वाढवलं की सोया-व्हिनेगरचा तरतरीतपणा मरतो.

‘एशियन’ म्हणजे सगळं एका बरणीत नव्हे

सोया सॉस, फिश सॉस, मिसो (आंबवलेल्या सोयाबीनची जपानी पेस्ट), पीनट बटर आणि वर तिखट सॉस असं सगळं एकत्र केलेलं ड्रेसिंग मी खाल्लंय. चव वाईट नव्हती, चवच नव्हती. नुसता तपकिरी गोंगाट. आधी घराणं ठरवा. सोया, राइस व्हिनेगर आणि तेल ही जपानी धाटणी. व्हिएतनामच्या नुओक चामात तेल नसतंच. साखर, लिंबाचा रस आणि फिश सॉस समप्रमाणात आणि त्यात चार-पाच पट पाणी, वर लसूण आणि मिरची. पण ते बुडवून खायला. सॅलडवर घालायचं तर पाणी बरंच कमी करा. थाई सोम ताम, म्हणजे कच्च्या पपईचं सॅलड, त्यालाही तेल लागत नाही. तिथे फिश सॉस, लिंबू आणि पाम शुगरवर सगळा खेळ.

शाकाहारी मंडळींना फिश सॉसच्या जागी नुसता सोया सॉस बेचव लागतो, कारण मीठ भरून निघतं पण खोली नाही. त्यावर एक सोपा उपाय आहे. १९०८ मध्ये किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञानं कोंबू या समुद्री शेवाळातून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला उमामी हे नाव दिलं. सोया सॉसमध्ये ते ग्लुटामेट असतंच. वाळवलेल्या शिताके मशरूममध्ये ग्वानिलेट हे उमामी वाढवणारं दुसरं द्रव्य असतं, आणि ही दोन एकत्र आली की उमामी नुसती बेरजेनं नव्हे, कितीतरी पटींनी वाढलेली जाणवते. म्हणून दोन वाळलेले शिताके थोड्या पाण्यात भिजवायचे आणि ते गाळलेलं पाणी चमचाभर सोया सॉसमध्ये घालायचं. एवढ्यानंच फरक कळतो.

क्रम चुकला की बरणी फसते

साखर, मध, मिसो यांपैकी काहीही तेलात विरघळत नाही. तरी सगळं एकदम ओतून आपण बरणी हलवत राहतो, आणि मध तळाशी चिकटून बसतो तो बसतोच. आधी व्हिनेगर, सोया सॉस आणि गोडाचा जिन्नस एकजीव करा. मिसो असेल तर थोड्याशा व्हिनेगरमध्ये चमच्याच्या पाठीनं रगडून गुठळ्या मोडा. तेल सगळ्यात शेवटी.

थोड्या वेळानं बरणीकडे बघा. खाली काळपट थर, वर पिवळसर तेल, मध्ये आल्याचे तंतू लोंबकळताहेत. हे बिघडणं नव्हे. जोडून ठेवणारं काही नसेल तर पाणी आणि तेल वेगळे होणारच. वाढण्याआधी जोरात हलवून लगेच ओतलं की झालं, नाहीतर पहिल्या ताटात तेल आणि शेवटच्या ताटात सोया सॉस जातो. जास्त वेळ एकत्र राहायला हवं असेल तर अर्धा टीस्पून मोहरीची पेस्ट, मिसो किंवा पीनट बटर घाला.

पीनट बटर मात्र एक नाटक करतं. त्यात चमचाभर पाणी किंवा व्हिनेगर घातलं की ते सैल व्हायच्या ऐवजी आवळून येतं, चक्क पिठाच्या गोळ्यासारखं. घाबरून तेल ओतू नका. कोमट पाणी एकेक चमचा घालत ढवळत राहा. तिसऱ्या-चौथ्या चमच्याला गोळा अचानक सुटतो आणि गुळगुळीत होतो.

लसूण आणि आलं

लसूण किसला की त्यातलं अ‍ॅलिनेज नावाचं विकर कामाला लागतं आणि तो झणझणीतपणा तयार होतो. आंबट रसात हे विकर मंदावतं. म्हणून लसूण थेट व्हिनेगरमध्ये किंवा लिंबाच्या रसातच किसायचा आणि दहा मिनिटं ठेवायचा. चव राहते, दिवसभर तोंडात रेंगाळणारा दर्प कमी होतो. आधी किसून ताटलीत ठेवलेल्या लसणाला नंतर व्हिनेगर लावून उपयोग नाही, तोवर तिखटपणा तयार झालेला असतो.

आल्याच्या जागी सुंठ घालत असाल तर चिमूटभरच. वाळताना आल्यातलं जिंजरॉल शोगाओलमध्ये बदलतं आणि ते जास्त तिखट असतं.

चमच्यानं चाखणं

सगळ्यात जास्त ड्रेसिंगं इथे बिघडतात, असं माझं मत आहे. चमच्यानं चाखलं की ते तीव्रच लागणार, आणि लागायलाच हवं, कारण पुढे ते पाणीदार भाजीवर जाणार आहे. चमच्यावर ‘अगदी बरोबर’ लागलेलं ड्रेसिंग पानांवर मिळमिळीत होतं. ज्याचं सॅलड करताय त्याचंच एक पान बुडवा, झटका आणि खा. फ्रीजमधून काढलेल्या ड्रेसिंगची गोडी कमी जाणवते, म्हणून थंडगार असताना मध वाढवू नका. जरा वेळ बाहेर राहू द्या.

पानं ओली, काकडी रडकी

धुतलेली पानं कोरडी केली नाहीत तर ड्रेसिंग पानाला धरतच नाही, तळाशी जमतं. कापडात गुंडाळून हलक्या हातानं झटका. काकडीला चिमूटभर मीठ लावून पंधरा-वीस मिनिटं ठेवा, सुटलेलं पाणी पिळून टाका आणि तेवढा सोया सॉस कमी करा.

पानं मऊ पडली की दोष व्हिनेगरला देतात, पण खरा दोषी बहुतेक वेळा तेल असतं. पानावर मेणासारखा पातळ थर असतो. पाणी आणि व्हिनेगर त्यावरून ओघळतात, तेल मात्र आत झिरपतं. म्हणून लेट्यूससारख्या कोवळ्या पानांवर ड्रेसिंग ताट वाढताना घाला. कोबी आणि गाजर उलट वीस मिनिटं मुरले तर जास्त छान लागतात.

आता बिघडलेलं सावरू

खारट झालं की बहुतेक जण साखर घालतात. रोग म्हशीला, औषध पखालीला. मीठ तेवढंच राहतं आणि ड्रेसिंग गोडमिट्टही होतं. सोया सॉस सोडून बाकी सगळं पुन्हा अर्ध्या प्रमाणात घाला, किंवा ड्रेसिंग तसंच ठेवून भाजी वाढवा. दुसरा मार्ग मला जास्त आवडतो. आंबट झालं तर आधी थोडं तेल, मग गोड. तिखटजाळ झालं तर पाणी घालून फायदा नाही, मिरचीतलं कॅप्सायसिन पाण्यात जवळपास विरघळतच नाही. पीनट बटर किंवा तेल घाला. आणि चपटं, निर्जीव लागत असेल तर मिठाकडे धावण्याआधी अर्धा टीस्पून व्हिनेगर घालून बघा. दहातल्या आठ वेळा आंबटच कमी असतं.

ठेवताना

कच्चा लसूण आणि आलं असलेलं ड्रेसिंग फ्रीजमध्येच ठेवा आणि चार दिवसांत संपवा. फ्रीजमध्ये शेंगदाण्याचं तेल गोठून पांढरट होतं, ती खराबी नव्हे, बाहेर ठेवलं की पुन्हा सैल होतं. पण आंबट काहीच न घालता नुसत्या तेलात लसूण बुडवून तो ओट्यावर ठेवण्याची सवय खरंच धोकादायक आहे. हवा नसलेल्या आणि आम्ल नसलेल्या अशा जागी बोट्युलिझम या गंभीर विषबाधेचे जिवाणू वाढू शकतात, आणि वासावरून ते कळत नाही. एक वर्षाखालच्या बाळाच्या वाट्यात मध घातलेलं ड्रेसिंग जाऊ देऊ नका, त्यालाही याच आजाराचा धोका असतो.

डब्यातून कुणाला देणार असाल तर जिन्नस चिठ्ठीवर लिहून चिकटवा. सोया, गहू, तीळ, शेंगदाणे, मासे: अमेरिकेच्या प्रमुख अ‍ॅलर्जीच्या नऊ पदार्थांच्या यादीतले पाच या एका बरणीत सहज येऊ शकतात. तीळ त्या यादीत आले ते अगदी अलीकडे, १ जानेवारी २०२३ पासून. गव्हाचा उल्लेख तर बहुतेक जण विसरतातच, कारण सोया सॉसमध्ये गहू असतो हे नावावरून कळत नाही. गहू टाळणाऱ्यांसाठी तामारी हा जपानी सोया सॉस वापरता येतो, पण त्याचंही लेबल वाचूनच घ्या, काही तामारीत थोडा गहू असतो.