सोसायटीतील भटक्या कुत्र्यांचा प्रश्न कसा हाताळावा

इंदिरानगर असो वा गंगापूर रोड, नाशिकच्या अनेक सोसायट्यांत कुत्र्यांना खाऊ घालणारे आणि त्यांना घाबरणारे असे दोन गट दिसतात. म्हणून सभेत वाद घालण्याआधी आवारातील कुत्री मोजावीत आणि त्यांचे कान पाहावेत. कानाला खाच असलेल्या कुत्र्याचे निर्बीजीकरण झालेले असते. उरलेल्यांसाठी महानगरपालिकेकडे लेखी अर्ज करून पोच घ्यावी.

कुत्री पकडून दूर सोडणे हा उपाय नव्हे, कारण रिकाम्या जागी नवी कुत्री येतात आणि २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार शस्त्रक्रिया व लसीकरण झालेले कुत्रे मूळ जागीच सोडायचे असते. रेबीजग्रस्त व आक्रमक कुत्र्यांचा मात्र सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात अपवाद केला आहे, आणि तो मला रास्त वाटतो.

खाऊ घालण्याची जागा जिने, प्रवेशद्वार व मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून दूर ठेवावी. मुलांची भीती खरी असते, तिला हसण्यावारी नेऊ नये. कुत्रा चावल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी लस घ्यावी.