मुलांना किती वाढायचं? आधी ताटाचा फोटो काढा

आज रात्री मुलांना वाढून झालं की ताटाचा एक फोटो काढा आणि नीट बघा. बहुतेक घरांत पोळी नाहीतर भातानेच ताट भरलेलं, भाजी लोणच्यासारखी कोपऱ्यात आणि वरण इतकं पातळ की वाटीचा तळ दिसतो, आणि वर आपणच म्हणतो की पोरगं जेवत नाही. जेवतंय हो, पण पोटातली जागा कशाने भरतेय ते बघायला हवं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराच्या नव्या सूचना दिल्या, त्यात धान्यातून येणाऱ्या कॅलरी ४५ टक्क्यांपर्यंतच ठेवा असं सांगितलंय आणि दिवसभराच्या ताटाचा निम्मा भाग भाज्या-फळांचा.

मापाचा अंदाज नसेल तर शाळेतल्या पोषण आहाराचं प्रमाण धरा. पहिली ते पाचवीच्या मुलाला एका जेवणाला १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, आणि सहावी ते आठवीला १५०, ३० आणि ७५. हे सगळं कच्चं वजन बरं का. एकदा काट्यावर २० ग्रॅम तूरडाळ मोजा आणि आपल्या कुकरमध्ये माणशी तेवढी पडते का बघा. मी मोजली तेव्हा आमच्याकडे निम्मीच पडत होती, तेव्हापासून वरण घट्ट करते आणि मुलांना पळीऐवजी डावाने वाढते.

लहान मुलांना, म्हणजे पाचेक वर्षांपर्यंत, वयाच्या प्रत्येक वर्षाला प्रत्येक पदार्थाचा एक मोठा चमचा, एवढ्याने सुरुवात करा, मागितलं तर परत वाढा. अमेरिकेत २००० साली छापून आलेल्या एका प्रयोगात तीन वर्षांच्या मुलांना कमी वाढा की जास्त, ती तेवढंच खात होती, पण पाच वर्षांची मुलं जास्त वाढलं की जास्त खात होती. म्हणजे पोट भरल्याचं कळणं उपजत असतं, ते आपण "ताटात काही टाकायचं नाही हं" करत करत घालवतो. अन्न वाया जाऊ नये हे मलाही वाटतं, पण त्यासाठी वाढतानाच कमी वाढा ना, शेवटचे चार घास कोंबू नका. ताटात काय आणि कधी ते तुम्ही ठरवा, किती खायचं ते त्याला ठरवू दे.

मुलांच्या भुकेचा फायदाही घेता येतो. पोळ्या लाटत असता तेव्हा पोरं भुकेने किचनमध्ये घुटमळतात ना, तेव्हा बिस्किटाचा डबा काढायचा नाही, काकडी-गाजराची वाटी पुढे ठेवायची, भूक असते म्हणून ती खाल्ली जाते. एरवी शेवटी वाढलेली कोशिंबीर तशीच परत जाते. दूधही जेवणाच्या तोंडावर नको आणि लहानग्यांना दिवसाला अर्ध्या लिटरच्या वर तर नकोच, पोट दुधाने भरतं आणि लोह कमी पडतं.

मोठ्या मुलांच्या पोळ्या मोजू नका. उंची वाढायच्या वयात भूक लागणारच, फक्त चौथी पोळी घेताना उसळ पण परत घ्यायला लावा. मुलींकडे जास्तच लक्ष द्या, कारण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींना ॲनिमिया निघाला आणि त्याच वयात "मी डाएट करतेय" पण सुरू होतं. मटकी, हुलगे, पालेभाजी, चालत असेल तर अंडं-मासे, त्यातलं लोह अंगी लागावं म्हणून वरून लिंबू पिळायचं आणि चहा जेवणानंतर तासभर तरी नाही.

पाकिटातलं बंद करता आलं नाही तरी पाकीट हातात देऊ नका, वाटीत काढून द्या. कोल्ड्रिंकच्या २५० मिलीमध्ये २५ ग्रॅमच्या आसपास साखर असते, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेनुसार (दिवसाच्या कॅलरींपैकी १० टक्क्यांच्या आतच साखरेतून) १५०० कॅलरी लागणाऱ्या मुलाला वरची साखर दिवसभरात जेमतेम ३७ ग्रॅम चालते.

वजन फारच कमी किंवा जास्त वाटत असेल तर घरच्या घरी जेवण तोडू नका, बालरोगतज्ज्ञांकडे जाऊन वाढीचा तक्ता बघून घ्या, आणि ते बोलणं मुलाला बाहेर बसवून करा.