सुपरझूम घेण्याआधी उजेडाचा विचार करा

ताडोबा-नागझिऱ्याची सफारी वर्षातून एकदाच होत असेल, तर नवा कॅमेरा घेऊच नका. नागपुरात भाड्याने मिळतो, तेवढ्याने भागतं.

गावच्या तळ्यावर, धुऱ्यावर नेहमी पाखरं टिपायची असतील तर मात्र सुपरझूमसारखी, म्हणजे खूप लांबचं जवळ आणणारी लेन्स अंगचीच असलेल्या कॅमेऱ्यासारखी, सोय नाही. निकॉन पी९५० या सुपरझूमचा झूम ८३ पट, म्हणजे मोठ्या कॅमेऱ्यावरच्या २००० मिमी लेन्सइतका जातो. एवढ्या पल्ल्याची वेगळी लेन्स आपल्या बजेटमध्ये बसतच नाही. पण सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारी चिप, फक्त १/२.३ इंचाचा, करंगळीच्या नखापेक्षाही लहान. त्यात पूर्ण झूमला ॲपर्चर, म्हणजे उजेड आत घेणारं लेन्सचं छिद्र, एफ/६.५ इतकं बारीक होतं, म्हणून दिवेलागणीला किंवा हिवाळ्याच्या धुक्यात फोटो दाणेदार येतात. मे महिन्यात दहा वाजल्यानंतर तापलेल्या वावरावरची हवा अशी लहरते, की लांबचा नीलगाय थरथरतानाच दिसतो. त्यावर कुठल्याच कॅमेऱ्याचा इलाज नाही. सकाळी लवकर निघा.

ऑनलाइन दोन-चार हजार वाचतात, खरं आहे. तरी माझं मत दुकानाच्या बाजूने. स्वतःचं मेमरी कार्ड घेऊन नागपुरात सीताबर्डीच्या बाजारात जा, दारात उभं राहून समोरच्या पाटीवर पूर्ण झूम करा, फोटो घरी मोठ्या स्क्रीनवर बघा, मगच पैसे द्या. जीएसटीचं पक्कं बिल घ्या, त्यावर सिरीयल नंबर लिहून घ्या, आणि वॉरंटी कंपनीची की दुकानाची ते स्पष्ट विचारा. सुपरझूमची लेन्स निघत नाही. आत धूळ गेली तर सर्व्हिस सेंटरच गाठावं लागतं.