एमसीपी सर्व्हर लावताय? मग या चुका टाळा

"दादा, सर्व्हर चालू आहे, पण टूल दिसेना." आठवड्यातून दोनदा तरी हा फोन येतो. मी विचारतो, लॉग, म्हणजे सर्व्हरची नोंदवही, बघितला का? पलीकडे शांतता. मग हळूच, "लॉग कुठं असतो?"

एमसीपी, म्हणजे मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, अँथ्रॉपिकने नोव्हेंबर 2024 मध्ये खुला केला. एआय मॉडेलला बाहेरची कामं करता यावीत, म्हणजे साठ्याची फाइल वाचावी, डेटाबेसला विचारावं, बिल काढावं, यासाठी मधला सर्व्हर कसा बोलेल ते त्यात ठरवून दिलंय. अशा एकेका कामाला टूल म्हणतात. बोलणं जेसन-आरपीसी 2.0 मध्ये, म्हणजे जेसन नावाच्या ठरावीक साच्यातल्या मजकुरात चालतं. सोलापुरात आता चादर-टॉवेलवाल्यांच्या ऑफिसातही याची विचारणा होते, आणि कॉलेजातून नुकती बाहेर पडलेली पोरं व्हिडिओ बघून एका दुपारी सर्व्हर लावून देतात. लावतात, चालत नाही, मग मला फोन.

सगळ्यात जास्त डोकं खाणारी चूक आधी सांगतो, कारण ती मी स्वतःही केलीय.

सर्व्हर त्याच मशीनवर चालत असेल तर तो बहुतेक वेळा स्टँडर्ड इनपुट-आउटपुटवरून बोलतो. क्लायंट, म्हणजे ज्या ॲपमध्ये आपण मॉडेलशी बोलतो ते, तुमचा प्रोग्राम सुरू करतो, त्याच्या इनपुटमध्ये एक ओळ टाकतो आणि आउटपुटमधून एक ओळ उचलतो. एक ओळ म्हणजे एक संदेश. नियम स्पष्ट आहे: स्टँडर्ड आउटपुटवर संदेशाशिवाय दुसरं काहीही जाता कामा नये. आणि आपली सवय काय? जिथं अडलं तिथं प्रिंट टाक, आणि प्रिंट जातं त्याच आउटपुटवर.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेलवाल्यांकडे मी साठ्याचं मॉड्यूल, म्हणजे सर्व्हरचा एक भाग, लावलं होतं. एक्सेलच्या तीनेक हजार ओळी वाचायच्या आणि कुठल्या रंगाचे किती डझन शिल्लक ते सांगायचं. घरी दोनदा तपासलं, झकास चाललं. त्यांच्याकडे मात्र दोन प्रश्नांना उत्तर यायचं आणि तिसरा अडकायचा. परत दोन चालायचे, परत तिसरा अडकायचा. मालक म्हणाले, "तुमचा एआय दोन कामं करून चहाला जातो काय?" मी आधी नेटवर संशय घेतला, मग अँटिव्हायरसवर, मग एक्सेलवर. मे महिना, वर पत्रा, पंखा गरम हवा फेकतोय, आणि मी एकच प्रश्न चाळीसदा विचारतोय.

शेवटी सर्व्हरचं आउटपुट फाइलमध्ये वळवलं आणि फाइल उघडली. जेसनच्या एका ओळीच्या पुढ्यात टिंबांची भलीमोठी रांग. वाचन चालू आहे हे कळावं म्हणून मी कधीतरी दर ओळीमागे एक टिंब छापत होतो, तेही नवी ओळ न घेता, आणि ते काढायचं राहून गेलं होतं. आउटपुट पाइपमध्ये, म्हणजे स्क्रीनऐवजी दुसऱ्या प्रोग्रामकडे जात असलं की पायथन ते लगेच सोडत नाही, बफरमध्ये साठवतं. तिथला बफर साधारण 8 किलोबाइटचा. एका वाचनात तीन हजार टिंबं, म्हणजे तिसऱ्या वेळी बफर भरायचा, सगळी टिंबं एकदम बाहेर पडायची आणि त्या उत्तराच्या जेसनला चिकटायची. क्लायंटला ती ओळ वाचता यायची नाही, तो वाट बघत बसायचा. जकार्ड मागाला नक्षी सांगणाऱ्या कार्डांच्या माळेत एक भलतंच कार्ड घुसलं की चादरीवरच्या मोराची मान तुटते, तसलाच प्रकार. कापड विणलं जातं, नक्षी जाते.

तेव्हापासून माझ्या मॉड्यूलमध्ये प्रिंट नाही म्हणजे नाही. पायथनचं लॉगिंग वापरतो, ते मुळातच स्टँडर्ड एररवर, म्हणजे संदेशांपासून वेगळ्या वाटेवर जातं. जावास्क्रिप्टवाल्यांनी कन्सोल डॉट लॉगऐवजी कन्सोल डॉट एरर लिहावं. आणि कोड द्यायच्या आधी सगळ्या फोल्डरमध्ये 'प्रिंट' शब्द शोधतो, बाहेरून आणलेल्या लायब्ररीतसुद्धा. शोधायला दोन मिनिटं लागतात, तरी पोरं करत नाहीत.

दुसरी चूक कोडची नाहीच, भाषेची आहे. टूलचं वर्णन. मॉडेल तुमचा कोड वाचत नाही. त्याला टूलचं नाव, वर्णन आणि इनपुटचा आराखडा एवढंच दिसतं आणि त्यावरून ते ठरवतं कधी काय वापरायचं. एका पोराच्या टूलचं नाव 'गेट-रेट', वर्णन 'रेट देतो'. कसला रेट? आपल्याकडे चादर नगावर जाते, टॉवेल कोणी डझनावर मागतो तर कोणी किलोवर. टूलने नुसता आकडा परत केला. डेटाबेसमधला आकडा किलोचा, मॉडेलने तो डझनाचा समजून कोटेशन लिहिलं. पाठवायच्या आधी तिथल्या जुन्या मुनीमांनी बघितलं म्हणून वाचलं. पोरगा मला म्हणतो, "मॉडेल चुकलं." मी म्हणालो, मॉडेल कशाला चुकेल, तू त्याला एकक सांगितलंस का?

माझी सवय अशी: वर्णन आधी लिहायचं, कोड नंतर. हे टूल काय देतं, कुठल्या एककात, कधी वापरायचं, आणि कधी वापरायचं नाही. नव्या कामगाराला पहिल्या दिवशी जसं समजावाल तसं. उत्तरातही '210' नको, '210 रुपये प्रति किलो' हवं. मग तेच वर्णन ऑफिसातल्या कॉम्प्युटर न येणाऱ्या माणसाला वाचून दाखवतो. त्याला कळलं तर मॉडेलला कळतं.

बाकीच्या चुका पटापट सांगतो.

कॉन्फिगमध्ये, म्हणजे क्लायंटला सर्व्हरची माहिती देणाऱ्या फाइलमध्ये, अर्धवट पाथ (फाइलचा पत्ता) देऊ नका. क्लायंट तुमचा सर्व्हर कुठल्या फोल्डरातून सुरू करेल याचा भरवसा नाही. पूर्ण पाथ द्या, पायथनचासुद्धा. विंडोजवर जेसनमध्ये उलटी तिरकी रेघ दोनदा लिहावी लागते. अर्धे फोन इथंच मिटतात.

कॉन्फिग बदलल्यावर क्लॉड डेस्कटॉपची, म्हणजे अँथ्रॉपिकच्या ॲपची, नुसती खिडकी बंद करून भागत नाही. पूर्ण बंद करा, मग सुरू करा. लॉग विंडोजवर ॲपडेटामधल्या क्लॉडच्या लॉग्ज फोल्डरात असतो. आता तरी विचारू नका.

टर्मिनलमध्ये दिलेले एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रामला बाहेरून दिलेल्या सेटिंग) सर्व्हरला आपोआप मिळतील असं धरू नका, कॉन्फिगमध्ये वेगळे द्या. आणि एपीआय की, म्हणजे सेवेची गुप्त किल्ली, कोडमध्ये लिहून गिटहबवर टाकणाऱ्याला मी फोनवर मदत करत नाही. आधी की रद्द कर, मग बोल.

दोन मॉड्यूलमध्ये 'सर्च' नावाची दोन टूल्स ठेवली की एक गपचूप गळतं. नावापुढे मॉड्यूलचं नाव लावा: स्टॉक-सर्च, बिल-सर्च.

टूलमध्ये चूक झाली तर सर्व्हर पाडू नका. 'फाइल सापडली नाही, नाव तपासा' असं उत्तर चूक म्हणून परत करा. मॉडेल ते वाचतं आणि बऱ्याचदा स्वतःच सुधारून पुन्हा विचारतं. तसंच एका मॉड्यूलची लायब्ररी सापडली नाही म्हणून बाकी चार का बसावेत? प्रत्येक मॉड्यूल वेगळं लोड करा. न झालेल्याची तक्रार लॉगमध्ये लिहा आणि पुढं चला.

सर्व्हर एचटीटीपीवर चालवत असाल तर 0.0.0.0 वर, म्हणजे नेटवर्कवरच्या सगळ्यांसाठी, ऐकायला ठेवू नका. 127.0.0.1, म्हणजे फक्त तेच मशीन, पुरे, आणि विनंती कुठल्या साइटवरून आली ते सांगणारं ओरिजिन हेडर तपासा. 'बाहेरून टेस्ट करायला सोपं जातं' म्हणणाऱ्याने घराचं दारही उघडं ठेवून झोपावं. जुने व्हिडिओ बघून एसएसई (एचटीटीपीवर बोलायची जुनी पद्धत) लावणाऱ्यांनो, मार्च 2025 च्या आवृत्तीत त्याच्या जागी स्ट्रीमेबल एचटीटीपी आलंय.

डेटाबेसवर कुठलीही क्वेरी चालवणारं एकच सर्वशक्तिमान टूल हा सगळ्यांचा आवडता शॉर्टकट. वाचायचं टूल वेगळं, लिहायचं वेगळं, आणि वाचणाऱ्याला डेटाबेसचा फक्त वाचायचाच युजर. लिहिण्याआधी माणसाची परवानगी. यावर माझ्याशी वाद घालू नका.

आणि चाळीस टूल्स पहिल्याच दिवशी जोडू नका. प्रत्येकाचं वर्णन मॉडेलच्या डोक्यात जागा खातं आणि सारखी दिसणारी टूल्स ते एकमेकांत घोळवतं. मी एक मॉड्यूल लिहितो, एमसीपी इन्स्पेक्टर या तपासायच्या साधनात उघडतो, टूल्सची यादी मागतो, एकेक हाताने चालवतो. सलग दहा वेळा. दोनदा नाही, दहा वेळा. घरी तपासताना तिसऱ्या टिंबांच्या रांगेपर्यंत मी पोचलोच नव्हतो, नाहीतर मेच्या उन्हात त्या पत्र्याखाली चाळीसदा तोच प्रश्न विचारत बसलो नसतो.

इन्स्पेक्टरमध्ये टूल दिसतं आणि क्लॉडमध्ये दिसत नाही, असं झालं तर कॉन्फिगमधला स्वल्पविराम बघा. शेवटच्या कंसाआधीचा. मग फोन करा, पण जेवणाच्या वेळी नको.