पाटणादेवीहून केदारकुंडाकडे जाताना या चुका टाळा

चाळीसगावहून पाटणादेवीच्या मंदिराशी पोहोचलं की समोर अजिंठा-सातमाळा डोंगररांगेची भिंतच उभी राहते. पावसाळ्यात तिच्यावरून केदारकुंड आणि धवलतीर्थ हे धबधबे कोसळत असतात आणि सुट्टीच्या दिवशी जळगाव-धुळ्याकडची तरुण मंडळी गौताळा अभयारण्याच्या या रानात शिरतात. जंगल देखणं आहे, जायलाच हवं. पण जाताना जो नाला आपण हसतखेळत ओलांडतो, तो परत येताना तसाच असेल हे गृहीत धरू नका. इथले बहुतेक घोळ तिथूनच सुरू होतात.

फक्त आपल्या डोक्यावरचं आभाळ पाहणं. ही सगळ्यात मोठी चूक. या नाल्यांत पाणी येतं ते वरच्या, कन्नड गावाकडच्या पठारावरून. खाली ऊन असताना वर तासभर धो धो पाऊस झाला, तर ते पाणी खडकाळ उतारावरून थेट नाल्यात येतं. वाटेत जिरायला माती फारशी नाहीच. ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस याच डोंगरात एका रात्रीत प्रचंड पाऊस झाला, डोंगरी आणि तितूर नद्यांना पूर आला आणि चाळीसगाव शहरात पाणी शिरलं. कन्नड घाटात दरडी कोसळल्या. डोंगराखालच्या शहराची ही गत होते, तर नाल्याच्या पात्रात डबा उघडून बसलेल्यांचं काय होईल?

म्हणून निघण्याआधी जळगाव जिल्ह्याबरोबर कन्नड भागाचाही पावसाचा अंदाज बघा. पठारावर काळं दिसत असेल तर मंदिरातूनच परता. वाटेत नितळ पाणी अचानक गढूळ झालं, पालापाचोळा नि काटक्या वाहत आल्या, वरून घरघर ऐकू आली किंवा एखाद्या गुराख्याने "पूर उना रे!" (पूर आला रे!) अशी हाक दिली, तर सामान आवरत बसू नका. पात्रातून खाली पळूही नका. काठ चढा, उंचावर जा.

पाणी वाढल्यावरही घाईने ओलांडणं. पलीकडे गाडी उभी आहे, घरचे वाट पाहत आहेत, म्हणून लोक हात धरून उतरतात. गुडघाभर वेगवान पाणी धडधाकट माणसालाही पाडतं, आणि एक पडला की साखळीच जाते. थांबा. छोट्या नाल्याचं पाणी पाऊस थांबल्यावर बहुधा काही तासांत उतरतं. काठावरच्या एखाद्या दगडावर नजर ठेवली की पाणी चढतंय की उतरतंय ते कळतं. पाणी घोट्याएवढं असलं तरी पिशवीचा कमरेचा पट्टा सोडून, हातात काठी घेऊन, एकेक पाऊल चाचपत जा.

उशिरा निघणं आणि सगळं एकाच दिवसात कोंबणं. देवीचं दर्शन, पितळखोऱ्याची लेणी, कण्हेरगड आणि दोन्ही धबधबे असा बेत आखला की केदारकुंडाला दुपार टळून जाते आणि परतीला रानात अंधार गाठतो. बिबट्यांचं रान आहे हे. सकाळी लवकर चाला, एकच धबधबा करा. पितळखोरं दोन हजार वर्षांहून जुनं आहे, त्याला वेगळा दिवस द्या.

कुंडात उडी मारणं. गढूळ पाण्यात खोली कळत नाही, तळाशी बेसाल्टच्या धारदार शिळा असतात. धारेखाली उभं राहणंही नको, वरून दगड येतात. शेवाळलेल्या खडकावर गुळगुळीत तळाची चप्पल टिकत नाही. खाचांचा तळ असलेले बूट घाला.

पाणी घरून न्या. पावसाच्या उघडिपीत इथला उकाडा अंगातलं पाणी काढतो, आणि नाल्याचं पाणी गुरांच्या वाटेवरून आलेलं असतं. भाकरी, ठेचा, कांदा पुरे. रिकामी पाकिटं तुमच्याच पिशवीत परत यावीत.

कड्यावर किंवा झाडावर आग्या मोहोळ दिसलं तर धूर, आरडाओरडा, दगड काहीही नको. गुपचूप लांबून जा. साप चावला तर जखम चिरू नका, चोखू नका, करकचून बांधू नका. चावलेला भाग स्थिर ठेवून माणसाला उचलून खाली आणा. रानात फोनला रेंज मिळेलच असं नाही, म्हणून रेंज येते ती शेवटची जागा जाताना लक्षात ठेवा आणि तिथून १०८ ला फोन करा. नाक्यावरच्या वनरक्षकाला किती जण चाललोत, कुठल्या धबधब्याला आणि किती वाजता परतणार, हे निघतानाच सांगा.