थंडरबर्डमधले दोन-दोन 'सेंट' फोल्डर: आधी सेटिंग, मग सफाई

होमस्टेचं बुकिंग असो की हापूसच्या पेट्यांच्या ऑर्डरी, एकच मेल-खातं घरच्या कॉम्प्युटरवर, मुलाच्या फोनवर आणि ब्राउझरमध्ये, असं तीन ठिकाणी उघडलेलं असतं. पाठवलेल्या मेलसाठी प्रत्येक प्रोग्राम आपापल्या नावाचा फोल्डर काढतो: 'सेंट', 'सेंट आयटम्स', 'सेंट मेल'. 'ट्रॅश' आणि 'डिलीटेड'ची तीच गत. मग एप्रिलमध्ये पाहुण्यांना नेमका काय दर कळवला होता, हे शोधायला तीन फोल्डर चाळावे लागतात.

बरेचजण जादा फोल्डर थेट उडवतात आणि पुढचा मेल पाठवला की तो परत हजर होतो. फुटकं कौल तसंच ठेवून खालची बादली ओतत बसण्यासारखं हे. आधी सेटिंग बदलायचं, फोल्डर मागाहून. पुढची कृती थंडरबर्ड (कॉम्प्युटरवर मेल वाचायचा-पाठवायचा प्रोग्राम) आणि आयमॅप खात्यासाठी आहे. आयमॅप म्हणजे मेल सर्व्हरवरच राहतात आणि सगळ्या ठिकाणी तेच दिसतात, ती पद्धत.

१. प्रत काढा. जादा फोल्डर माऊसने ओढून 'लोकल फोल्डर्स'वर सोडा. मूळ जागच्या जागी राहतं आणि प्रत तुमच्या कॉम्प्युटरवर उतरते. नुसत्या प्रोफाईलच्या (थंडरबर्ड आपले मेल आणि सेटिंग जिथे साठवतो त्या फोल्डरच्या) कॉपीवर विसंबू नका. आयमॅप पुन्हा जोडला की सर्व्हरवर जे नाही ते इथूनही जातं.

२. खरा फोल्डर ठरवा. ब्राउझरमधून खातं उघडा, स्वतःलाच एक मेल पाठवा आणि त्याची पाठवलेली प्रत (इनबॉक्समध्ये आलेली नव्हे) कुठल्या फोल्डरात पडते ते पाहा. तोच ठेवायचा.

३. सेटिंग बदला. 'अकाउंट सेटिंग्ज'मध्ये 'कॉपीज अँड फोल्डर्स' उघडा. पाठवलेल्या मेलच्या प्रतीसाठी 'अदर' निवडून खरा फोल्डर दाखवा. ड्राफ्ट आणि आर्काइव्हचंही तिथेच पाहून घ्या. डिलीट केलेला मेल कुठे जावा हे मात्र 'सर्व्हर सेटिंग्ज'मध्ये असतं आणि स्पॅमचं 'जंक सेटिंग्ज'मध्ये. फोनवरच्या ॲपमध्येही हाच बदल हवा, नाहीतर जादा फोल्डर तिकडून पुन्हा उगवेल.

जीमेल असेल तर पाठवलेल्या मेलची प्रत सर्व्हर स्वतःच ठेवतो, म्हणून 'प्लेस अ कॉपी इन'ची खूण काढून टाका. आणि 'ऑल मेल' हा दुहेरी फोल्डर नव्हे. जीमेलमध्ये मेल एकच असतो, त्याला लेबलं अनेक. तिथला मेल ट्रॅशमध्ये टाकला तर तो सगळ्याच लेबलांखालून जातो. 'ऑल मेल' फोल्डर नजरेआड करायचा असेल तर जीमेलच्या सेटिंगमध्ये 'लेबल्स'खाली त्याची 'शो इन आयमॅप' खूण काढा.

४. थंडरबर्ड बंद करून पुन्हा उघडा. एक मेल पाठवा, एक डिलीट करा. दोन्ही योग्य जागी गेले तरच पुढे जा.

५. जादा फोल्डरातले मेल खऱ्या फोल्डरात हलवा. इथेच बहुतेकांचा घोळ होतो. काही सर्व्हरवर 'मूव्ह' म्हणजे आधी कॉपी आणि नंतर मूळ प्रत पुसणं. चार हजार मेल एकदम निवडले आणि मध्येच नेट गेलं, तर अर्धे मेल दोन्हीकडे राहतात. फोल्डर एक करायला गेलात आणि मेलच दुहेरी झाले! पावसाळ्यात पाहुणे कमी, म्हणून हे काम जून-जुलैत काढावंसं वाटतं, पण लाईट जाते तीही तेव्हाच. इन्व्हर्टर नसेल तर उघडिपीचा दिवस धरा. शे-दोनशेच्या टप्प्यांनी हलवा. फोल्डरवर राईट क्लिक करून 'प्रॉपर्टीज'मध्ये मेलची संख्या दिसते. सुरुवातीला दोन्ही फोल्डरांचे आकडे कागदावर टिपून ठेवा आणि शेवटी बेरीज जुळवा.

६. रिकामा फोल्डर डिलीट करा. त्याच्या पोटात उपफोल्डर नाही ना, हे आधी बघा. तोही सोबत जातो. डिलीटचा पर्यायच दिसत नसेल, तर थंडरबर्ड अजून त्यालाच सेंट किंवा ट्रॅश समजतोय. पायरी ३ वर परत या.

७. सर्व्हरवर नसलेला फोल्डर यादीत तरीही रेंगाळत असेल, तर खात्यावर राईट क्लिक करून 'सबस्क्राईब'मध्ये त्याची खूण काढा.

'लोकल फोल्डर्स'मधली प्रत महिनाभर तरी पुसू नका. एखाद्या पाहुण्याच्या ॲडव्हान्सची पावती नेमकी तिच्यातच सापडते.