सरावासाठी पहिलं कुलूप कोणतं घ्यावं?
छंद म्हणून किल्लीविना कुलूप उघडायला शिकायचंय? मग गोदरेजचं सात लिव्हरचं नवताल कुलूप घेऊन बसू नका, त्याची रचनाच वेगळी. पिनांचं, म्हणजे किल्लीने आतल्या छोट्या पिना उचलल्या की उघडणारं, स्वस्त पितळी कुलूप घ्या. दुकानात आधी किल्ली बघा: एका कडेला करवतीसारखे दात हवेत. त्यातल्या खाचा मोजल्या की आत किती पिना आहेत ते कळतं. चार पुरेत. खाचांची खोली साधारण सारखी असेल तर फारच छान. एक उथळ आणि शेजारचीच एकदम खोल असली की नवशिका रडकुंडीला येतो. किल्लीचं भोक ऐसपैस हवं, ताण देणारी पट्टी आणि पिना उचलणारा आकडा दोन्ही एकाच वेळी मावले पाहिजेत. अमेरिकेत असाल तर मास्टर लॉक कंपनीचं ३ नंबरचं, चार पिनांचं कुलूप बिनधास्त घ्या. दाराला लावलेल्या कुलपावर मात्र कधीच सराव नको; ते बिघडलं तर दार उघडायची पंचाईत.